पायऱ्यांवरचा अंधार

"एका बैठकीत?" दुष्यंतने विचारलं.

माझ्या पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी अडकवलेली होती, ती ओढत राहिले. लॅपटॉपवरच्या चार चौकटींतून चार माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती. पाचव्या चौकटीत मीच मला दिसत होते, आणि माझ्यामागे दांडीवर वाळत घातलेली दुपटी.

"शाल्मली, तुला विचारून राहिलो मी. 'नदीला सुट्टी' एका बैठकीत पाहिला का?"

"नाही," मी म्हटलं.

फेब्रुवारीतला रविवार होता, दुपार कलायला लागली होती. कऱ्हाडला आमच्या फ्लॅटमध्ये त्या वेळी एक पंखा आणि पाळण्याची कडी, एवढाच आवाज असायचा. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. माझा नवरा हृषीकेश साइटवर गेला होता. ठमी नुकतीच झोपली होती, आणि तिची झोप किती वेळ टिकेल हे तिचं तिला माहीत.

'शेवटची रांग' हा आमचा सिनेमावेड्यांचा इंटरनेटवरचा गट. मिरजेच्या भालकाकांनी तो सुरू केला होता. काका निवृत्त गणिताचे मास्तर, पण गणितावर बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. गटाचे सभासद पुष्कळ, भांडणारे नेहमीचेच. दरवर्षी गट आपले स्वतःचे पुरस्कार देई. पैसे नाहीत, समारंभ नाही. काकांच्या गावातलं एक जुनं थिएटर पाडलं तेव्हा त्यांनी खुर्च्यांच्या नंबरांच्या पितळी चकत्या पोतंभर उचलून आणल्या होत्या. जिंकणाऱ्याला त्यातली एक चकती आणि काकांच्या हस्ताक्षरातली दोन ओळींची चिठ्ठी कुरियरने जायची. मोठमोठ्या माणसांनी ती चकती टेबलावर ठेवल्याचे फोटो आम्ही पाहिले होते. आम्हाला तेवढं पुरे होतं.

परीक्षक पाच. आमचा एक नियम होता: शेवटच्या फेरीतला प्रत्येक सिनेमा एका बैठकीत पाहायचा. मत देण्याआधी प्रत्येकाने तसं तोंडाने सांगायचं. ज्याला सांगता येणार नाही त्याचं मत धरायचं नाही, आणि पुढल्या वर्षापासून त्याने परीक्षक म्हणून बसायचं नाही.

लग्न झालं, गाव बदललं, नोकरी सुटली, ठमी झाली. या सगळ्यात माझी जुनी म्हणून एवढीच एक खुर्ची उरली होती.

"नाही म्हणजे?" भालकाकांनी चष्मा वर सरकवला. "अगं, मधे उठलीस का?"

"मधेच पाहिला, काका. मधल्या मधल्या वेळात. ती झोपली की पाहायचा, उठली की ठेवायचा."

"किती तुकडे झाले?" दुष्यंतने विचारलं.

"मोजले नाहीत."

फरीदा हसली. सांगलीत तिचं औषधांचं दुकान होतं. रविवारीही ती काउंटरवरूनच बैठकीला बसायची आणि मधेच कुणाला तरी "जेवणानंतर घ्यायची हं, दूध नको" असं सांगायची. ती म्हणाली, "दुष्यंतभाऊ, आता मजा आली बघा. दोन मतं 'नदी'ला, दोन 'खिडकी'ला. शालूचं मत तुमच्या 'नदी'ला जाणार, आणि तुमच्याच नियमाने ते बाद होणार. आता काय बुडवता? नियम की नदी?"

छायांकनाच्या पुरस्काराची फेरी चालली होती. शेवटचे दोन सिनेमे उरले होते. 'दक्षिणेकडची खिडकी' आणि 'नदीला सुट्टी'. 'खिडकी'च्या बाजूने फरीदा आणि सोलापूरचा सुबोध. सुबोधचं नेटवर्क कायम तोकडं असायचं. तो कॅमेरा बंद ठेवून फक्त "हो" आणि "नाही" म्हणायचा. 'नदी'च्या बाजूने भालकाका आणि दुष्यंत. दुष्यंत नागपूरला बँकेत होता, पण बँक हा त्याचा जोडधंदा वाटावा इतका सिनेमा त्याच्या डोक्यात असे.

'नदीला सुट्टी' हा छोटा सिनेमा. थिएटरपर्यंत पोचलाच नव्हता, आम्हा परीक्षकांना लिंक आली होती. त्यातला शेवटचा शॉट आमच्या गटात पोथीसारखा वाचला जात होता. एक बाई तान्हं मूल खांद्यावर घेऊन संध्याकाळी घरातून निघते. बोळातून, बाजारातून चालत राहते. कमानीखालून घाटाच्या पायऱ्या उतरते, तिथे क्षणभर सगळा अंधार होतो, मग नदी दिसते, होडी दिसते, ती होडीत बसते. बारा मिनिटं कॅमेरा तिच्या मागे. दुष्यंतने या शॉटवर लांबलचक लेख लिहिला होता, आणि तेव्हापासून 'तो सलग शॉट' असंच त्याचं नाव पडलं होतं.

"मला तो शॉट आवडलाच नाही," फरीदा पुन्हा म्हणाली. त्या दुपारी ती हे अनेकदा म्हणाली होती. "कसरत वाटते. बघा, आम्ही श्वास न घेता किती वेळ पाण्याखाली राहतो. मग काय करू मी? टाळ्या वाजवू?"

"कसरत नाही ते," दुष्यंत म्हणाला. "ती बाई घर सोडून राहिली. तिथे कट मारला तर तिला परत जायला जागा मिळते. कट नाही म्हणून परत जाणं नाही. एवढी साधी गोष्ट आहे."

"साधी गोष्ट आहे तर एवढा मोठा लेख कशाला लिहिला?"

"फरीदा," काका म्हणाले.

"गप्प बसले, काका."

काका माझ्याकडे वळले. "शाल्मली, शेवटचा शॉट तरी सलग पाहिलास ना? तेवढं झालं असेल तर काही मार्ग काढता येईल."

मी पाळण्यात पाहिलं. ठमीची मूठ दुपट्याबाहेर आली होती. मला तेव्हा 'हो' म्हणता आलं असतं. चारही जणांना ते हवं होतं, अगदी फरीदालासुद्धा. पण दुष्यंत ज्या गंभीरपणे विचारत होता, त्या गंभीरपणाला तसं उत्तर देववेना.

"नाही," मी म्हटलं. "तोच सगळ्यात तुटला. अर्धा पाहिला आणि थांबले. उरलेला अर्धा पाहायला दोन महिन्यांच्या वर गेले."

"दोन महिने!" दुष्यंतने कपाळाला हात लावला.

"मधे तिला लसीचा ताप आला. मग सर्दी. मग माहेरी गेलो, तिचं उष्टावण झालं. परवा उरलेला पाहिला."

"आणि थांबलीस कुठे?" काकांनी विचारलं.

"पायऱ्यांवर. अंधारात. फोन एकदम काळा झाला, त्यात माझाच चेहरा दिसला आणि माझ्या खांद्यावर हिचं डोकं. तेवढ्यात ही उठली. ठेवून दिला."

सुबोधच्या काळ्या चौकटीतून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला.

"एक विचारू का?" मी म्हटलं. "तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलाय. ते मूल किती महिन्यांचं आहे?"

"कुठलं मूल?" दुष्यंत म्हणाला.

"खांद्यावरचं."

"आता मूल म्हणजे... मूल आहे. तान्हं. कुंचीत गुंडाळलेलं. का बरं?"

खरं तर मलाही तो प्रश्न सुचला नसता. परवा पायऱ्यांवरच्या अंधारापासून सिनेमा पुढे सुरू केला, नदी दिसली, बाई दिसली, आणि मला चुकल्यासारखं झालं. पहिल्यांदा वाटलं, आपलंच काहीतरी. मी थांबले तेव्हा ठमी तीन महिन्यांची होती, आता सहाची. आपलं मूल मोठं झालं म्हणून पडद्यावरचंही मोठं दिसत असेल. म्हणून मागे नेला. पुन्हा पाहिला. पुन्हा मागे नेला.

"अंधाराच्या आधी," मी सांगितलं, "तिचा डावा हात बाळाच्या मानेखाली आहे. सगळ्या बाजारातून ती तो हात काढत नाही. कुणी धक्का दिला तरी पदर सुटू देते, पण मानेखालचा हात नाही. कारण त्या मुलाने अजून मान धरलेली नाही. अंधारानंतर तिचा हात खाली आलाय, बाळाच्या बुडाखाली. मान मोकळी. आणि ते मूल मागे वळून होडीकडे बघतं. तुम्ही सगळे बाईकडे बघत होता. मूल होडीकडे बघतं, आणि तोंडात कुंचीचा बंद घालून चघळतं. तीच कुंची आहे. पण आधी ती भुवयांपर्यंत यायची, नंतर कपाळावरच बसते."

"म्हणजे दोन मुलं?" काका म्हणाले.

"मूल तेच आहे. हनुवटीवर तीळ आहे. मोठं झालंय."

"पायऱ्या उतरता उतरता मोठं झालं?" फरीदाने विचारलं.

दुष्यंतच्या लक्षात सगळ्यांच्या आधी आलं होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर त्याने स्वतः फ्रेम करून लावलेलं त्या सिनेमाचं चित्र होतं. त्याने ते एकदा वळून पाहिलं.

"तिथे कट आहे," तो म्हणाला.

"आहे."

"अंधारात जोडलाय."

"हो."

"म्हणजे फसवलं आपल्याला."

"कुणी फसवलं?" फरीदा म्हणाली. "सलग सलग म्हणून तुम्हीच ओरडत होता. त्या लोकांनी म्हटलं होतं कधी?"

"नाही म्हटलं, पण म्हणू दिलं ना! मी एवढं लिहिलं, दिग्दर्शकाने त्याच्यावर अंगठा दिला. नुसता अंगठा दिला अन् चूप बसला. काका, माझं मत 'खिडकी'ला. लिहून घ्या."

"अरे, असा रागावून काय मत देतोस?"

"रागावलो नाही मी. शॉट सलग आहे म्हणून मत दिलं होतं. सलग नाही, तर मत नाही. सरळ हिशेब आहे."

मी दोरी ओढली. माझ्या आवडत्या सिनेमाचा पुरस्कार मीच घालवला होता, आणि तोही स्वतःची खुर्ची गेल्यावर. सासूबाई दारात आल्या. "मीटिंग संपली का गं? चहा टाकू?" त्यांना मी ऑफिसचं काम घरून करते असं वाटायचं. मीही त्यांचा तो समज कधी दूर केला नव्हता. "थोडं राहिलंय, आई," मी म्हटलं.

"थांबा हो," फरीदा एकाएकी म्हणाली. तिने काउंटरवर कुणाला तरी हातानेच थांबवलं. "मग माझं मत 'नदी'ला."

"तुझं?" काका दचकलेच.

"माझं. एका दमात बारा मिनिटं चालवलं म्हणून मला राग होता. पण जोडलंय ना? इतक्या दिवसांनी परत त्याच पायऱ्यांवर यायचं, तीच चाल, तोच पदर, उजेडही तेवढाच तिरपा धरायचा, आणि जोड कुणाला दिसू द्यायचा नाही. ही कसरत नाही. माझी आई फाटकी शाल रफू करायची, अशी की मी अजूनही ती शाल उलटीसुलटी करते आणि मला रफू सापडत नाही. 'नदी'ला मत. लिहा, काका."

काकांनी खोडून पुन्हा लिहिलं. 'नदी'ला काका आणि फरीदा. 'खिडकी'ला सुबोध आणि दुष्यंत. पुन्हा दोन आणि दोन.

"आलो तिथेच," सुबोध म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य.

आता सगळं माझ्या मतावर होतं, आणि माझं मत होतं की नव्हतं, हेच ठरायचं होतं.

"काका, नियम," दुष्यंत म्हणाला. आवाज चढवून नाही. उलट जड झाल्यासारखा. "मला शाल्मलीबद्दल काही नाही. पण आज तिला सूट दिली, तर उद्या प्रत्येकाला काही ना काही असते. माझी आई आजारी होती तेव्हा मी एक वर्ष मत दिलं नाही. दिलं होतं का?"

"नव्हतं दिलंस," मी म्हटलं. मला ते आठवत होतं. त्या वर्षी तो प्रत्येक बैठकीला नुसता ऐकायला बसला होता.

भालकाका बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "दुष्यंत, आमच्या तरुणपणी मिरजेत फिल्म सोसायटी होती, तुला सांगितलंय मी."

"हो, काका."

"आमच्याकडे प्रोजेक्टर एकच होता. एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं. तोवर कुणी बिडी ओढून यायचं, कुणी मागच्या महिन्याची वर्गणी मागायचं. एकदा तर एक रीळ दुसऱ्या गावी राहिलं होतं, ते एसटीने येईपर्यंत आम्ही जेवून आलो. बाबा रे, ज्या सिनेमांनी मला वेड लावलं, त्यातला एकही मी एका बैठकीत पाहिलेला नाही."

"मग हा नियम?"

"नियम तू मांडलास, मी हो म्हटलं. का म्हटलं? लोक फोनवर बोटाने सिनेमा पुढे पळवायला लागले होते. पळवू नका, एवढंच मला म्हणायचं होतं." मग ते मला म्हणाले, "शाल्मली, तू कुठे पुढे पळवलास का?"

"नाही, काका. मागेच नेला. प्रत्येक वेळी थोडा मागून सुरू करायचे. आधी काय चाललं होतं ते हाताला लागेपर्यंत."

दुष्यंतने एकदम कॅमेरा बंद केला. त्याची चौकट काळी झाली.

"गेला का?" फरीदा कुजबुजली. "खरंच रुसला का हो?"

काकांनी बोट ओठांवर ठेवलं. आम्ही थांबलो. ठमीने कूस बदलली, कुरकुरली. मी दोरी जरा जोरात ओढली. कडी करकरली. आत सासूबाईंनी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. दुष्यंतची चौकट काळीच होती, पण त्याचा माइक सुरू होता, आणि त्यातून अगदी बारीक बाजाराचा गलका ऐकू येत होता. भाजीवाल्यांच्या हाका, सायकलची घंटी, मग पायऱ्यांवरची पावलं. गलका थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. तो मागे नेत होता.

बऱ्याच वेळाने तो दिसला. डोळे चोळल्यासारखे.

"हात," तो म्हणाला.

"काय?"

"मानेखालचा हात. आहे. अन् नंतर नाही." तो थांबला. "मी हा शॉट इतक्यांदा पाहिला, शाल्मली, की झोपेत सांगीन. बाजारात कोण कुठून येते, कुठल्या दुकानात दिवा लागते, सगळं. हात पाहिलाच नाही मी."

कुणी हसलं नाही. फरीदाही नाही.

"तिचं मत धरा, काका," दुष्यंत म्हणाला. "माझं मात्र 'खिडकी'लाच राहू द्या. मी तोंडाने बोलून चुकलो, आता फिरवत नाही."

"'नदी'ला," मी म्हटलं. आणि ठमी उठली.

चिठ्ठीतल्या दोन ओळी त्या वर्षी मी सुचवाव्यात असं काका म्हणाले. 'सलग' हा शब्द नको, एवढंच मी सांगितलं, आणि आतलं कारण बाहेर जाऊ नये हेही. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. तो जोड ज्याने कुणी घातला होता त्याने तो दिसू नये म्हणून घातला होता, आणि बोट दाखवणारी मी कोण? दुष्यंतने त्याचा लेख काढून टाकला नाही. त्यातला तो एक शब्द मात्र सगळीकडून गेला. काकांनी चिठ्ठी लिहिली: 'नदीला सुट्टी, छायांकन, गार्गी लोटलीकर यांस. पायऱ्यांवरच्या अंधारासाठी.' पोत्यातून चकती निघाली ती अगदी कडेच्या खुर्चीची.

आता ठमी दुसरीत आहे. सिनेमा लावला की "पुढे ने ना, आई" म्हणते. 'शेवटची रांग' अजून चालते. नियम बदलून आता एवढाच राहिलाय की पुढे पळवायचा नाही. दुष्यंत दरवर्षी मला आधी विचारतो, "मुलं पाहिलीस ना नीट?"

पण तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. चकती गेल्यानंतर काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी ठमीला भरवत होते; गुरगुट्या भात तिच्या नाकापर्यंत गेला होता.

"शाल्मली बोलताय का? मी गार्गी लोटलीकर. नंबर भालचंद्र काकांनी दिला. देत नव्हते, मी फार मागे लागले."

मी एका हाताने फोन धरला, दुसऱ्याने चमचा.

"चिठ्ठी वाचली," ती म्हणाली. "सगळे शॉटबद्दल बोलतात. अंधाराबद्दल कुणी बोललं नव्हतं. मी काकांना विचारलं, तर म्हणाले, तिलाच विचारा."

मी तिला हाताचं सांगितलं, कुंचीचं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"खरं तर मी विनंती करायला फोन केला होता," ती म्हणाली. "बाहेर बोलू नका म्हणून. आमच्या कामात एकदा कळलं ना, की हिच्यासाठी शूटिंग थांबवावं लागलं होतं, की पुढच्या वेळी बोलावत नाहीत. दिग्दर्शक भला माणूस. थांबला. दुसरा कॅमेरामन घ्या म्हणून सगळे सांगत होते, त्याने नाही घेतला."

"बोललो नाही आम्ही. बोलणारही नाही," मी म्हटलं. मग विचारलं, "का थांबवावं लागलं होतं?"

फोनमध्ये मागे कुठेतरी एक मूल बडबडत होतं, एकच अक्षर पुन्हा पुन्हा.

"आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली. "काका म्हणाले, तुम्ही सिनेमा मधे ठेवून दिला होता. कुठे थांबला होतात?"

"पायऱ्यांवर. सगळं काळं झालं तिथे. माझी मुलगी उठली."

ती हसली. हळूच, जवळ कुणी झोपलेलं असल्यासारखी.

"मीही तिथेच थांबले होते," ती म्हणाली. "खांद्यावर कॅमेरा होता. आठवा महिना सरत आला होता. शेवटची पायरी उतरायच्या आधी माझाही उठला."